बरणी उघडू नकोस

चि. सौ. हौसास ताईचा आशीर्वाद,

मीठ निम्मं करायला तुला कुणी सांगितलं गो? मिठागरावर वाढलीस आणि कोळंबीचं लोणचं माझ्या पुडीच्या भरवशावर घातलंस! शिवादाजींना ब्लडप्रेशर हाय, कळलं. पण ती पूड आमच्या कंपनीत पनीर नासू नये म्हणून घालतात, मासळीला नाय.

लॅबमधल्या वत्सलाबाईंनी ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाल्या, दुधातलेच काही जंतू ती बनवतात. ती दुसऱ्या जंतूंच्या कातडीला भोकं पाडते, आतलं सगळं गळून ते मरतात. पण काही जंतूंच्या अंगावर इरल्यासारखं आणखी एक पांघरूण असतं, तिथं ती शिरतच नाय. मासळीत तसले पुष्कळ. त्यांना मिठानंच आवरायचं.

वास नाय आला तरी बरणी उघडू नकोस, खड्ड्यात पूर. सूनबाईला सातवा महिना, त्यात आंबटाचे डोहाळे. तिनं चाखलं तर नाय ना? मी बरी हाय, पण होळीला पुडी मीच दिली ना, घास उतरत नाय.

पत्र हिरामण ड्रायव्हरच्या हाती देतेय. गुरुवारी तो परत इकडे रोह्याला येईल. तिनं खाल्लं की नाय, एवढं त्याच्याकडे लिहून दे. नायतर शुक्रवारी शिफ्ट सोडून तुझ्या दारात उभी राहीन.

तुझी ताई,
बायजा