चाळीस घंगाळांचा पाहुणचार

मर्गिलान, ४ फेब्रुवारी

तीर्थरूप मुहसिनआका यांस धाकट्या बहिणीचा, सनोबरचा सा. न. वि. वि.

तुम्ही गॅस कचेरीतर्फे आमच्या रेशीम गिरणीची मोजणी करून गेलात त्याला आठवडा झाला. विसरलेली टोपी आईने उशाशी ठेवली आहे. काल मालकांनी सांगितलं, की किलोभर रेशमामागे आमचा गॅस ठरल्याच्या दुप्पट जळतो, असं तुमच्या मोजणीत निघालं. एक मार्चला गॅस तोडणार आणि कोश उकळायचा विभाग बंद. आम्ही साठ बायका आहोत. माझा नवरा रशियात गेला तो गेलाच, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आका, रोज आम्ही बाराच घंगाळं तापवतो. तुम्ही येणार म्हणून आमच्या मुकादम साओदतओपांनी चाळीसच्या चाळीस तापवली. राजधानीच्या पाहुण्यासमोर अर्धी चूल पेटवायची का, म्हणाल्या. अठ्ठावीस घंगाळांत नुसतं पाणी उकळत होतं. पाया पडते, आकडा बदला.

माया आटू देऊ नका.
सनोबर

ताश्कंद, ९ फेब्रुवारी

चि. सनोबरला अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आकडा बदलता येत नाही, त्यावर माझी आणि तुमच्या मालकांची सही आहे. खरं सांगतो, ती रिकामी घंगाळं मला दिसली होती. बंद करा म्हणणारच होतो. तेवढ्यात ओपांनी चहा पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की आमच्या सनोबरचा भाऊ आला. मला अभिमान वाटला आणि मी चहा पीत बसलो. आता काय करू ते सुचत नाही. आईला कळू देऊ नकोस.

तुझा करंटा भाऊ,
मुहसिन

मर्गिलान, १५ फेब्रुवारी

ती. आका यांस नमस्कार.

आईला कळलं. ओपा घरी येऊन रडून गेल्या, आता लाजेने कामावर येत नाहीत. बायका माझ्याशी बोलत नाहीत. एकीने ऐकवलं, भाऊ असावा तर असा, बहिणीकडचा चहा प्यायचा आणि तिचीच चूल विझवायची. दोन आठवडे उरलेत. काहीतरी करा.

रागावलेली, तरी तुमचीच,
सनोबर

ताश्कंद, १९ फेब्रुवारी

चि. सनोबरला अ. आ.

साहेबांना लिहून दिलं, की तिथे माझी बहीण आहे हे मी लपवलं, माझ्या मानासाठी जास्तीची घंगाळं तापली तरी गप्प बसलो, मोजणी रद्द करा. त्यांनी मोजणी रद्द केली आणि मलाही घरी बसवलं. चोवीसला दुसरा माणूस येईल. बाराच घंगाळं तापवा, झाकणं घालून. त्याच्या चहापुरतासुद्धा जास्तीचा गॅस जाळू नका.

लोभ असू दे, आता तोच उरलाय.
मुहसिन

मर्गिलान, २५ फेब्रुवारी

ती. आका यांस सा. न. वि. वि.

आकडा ठरल्या मर्यादेत बसला. विभाग चालू राहणार. तो माणूस दिवसभर थंडीने हात चोळत होता. ओपा परत आल्या होत्या. दोनदा चहादाणीकडे वळल्या, दोनदा मी त्यांचा हात धरला. तो चहाविना गेला तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आमच्या दारातून असा पाहुणा आजवर गेला नव्हता.

तुमच्या नोकरीचं आईला सांगितलं. ती उठून अंगणातली मोठी कढई घासायला बसली. रविवारी ओपा आणि साठही जणी जेवायला येणार आहेत. सरपण येऊन पडलंय.

आका, घरी या. इथे कुणी मोजणार नाही.

वाट पाहणारी,
सनोबर