उकळत्या पाण्यातलं बी

तीर्थरूप आईस, दोन्ही हात जोडून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

चौथीला बियांचे प्रकार शिकवले. घेवड्याची दोन दलं होतात, मक्याची होत नाहीत, हे मुलांनी स्वतः सोलून पाहिलं. पण बी लवकर भिजावं म्हणून, तू कडधान्यावर ओततेस तसं, मी उकळतं पाणी ओतलं होतं. उरलेलं तेच बी मुलांनी डब्यांत पेरलं. दहा दिवस काहीच उगवलं नाही. पदवी गेली चुलीत!

शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, “गुपचूप दुसरं बी टाक. पोरांना काय कळतंय? तुझी नोकरी अजून पक्की नाही.”

मला ते जमेना. मी वर्गात खरं सांगितलं, तेव्हा नेमक्या मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. एक मुलगी ओरडली, “बाई, तुम्ही तर बी शिजवलंत!” सगळी खो खो हसली. मुख्याध्यापिका दारातूनच मागे फिरल्या. अजून बोलावणं नाही. बाबांना एवढं सांगू नकोस.

मग आम्ही नव्या डब्यांत साध्या पाण्यात भिजवलेलं बी पेरलं; काल त्यांना कोंब आले. जुने डबे मात्र मुलं टाकू देत नाहीत. “एखादं उशिरा उठणारं असेल,” म्हणत त्यांनाही रोज पाणी घालतात.

तुझीच,
मास्तरीण