कोऱ्या बुचाचं काय करू?

अहो,

नमस्कार पोचला असं समजून पुढे वाचा. मी ठणठणीत आहे, खोकलाही जवळजवळ गेला. आपल्या चिमणीची वेणी तुम्हीच घालता का? फार ओढू नका. ती बोलून दाखवत नाही, पण तिला दुखतं.

इथे मालकीणबाईंच्या मळ्यात व्हॅनिलाच्या शेंगा भरल्यात. चोरांचा सुळसुळाट, म्हणून वेलावरच्या हिरव्या शेंगेवर खूण टोचतात. बुचात सुया खोचून ठिपक्यांचा छाप करायचा, प्रत्येक घराचा वेगळा. शेंग गरम पाण्यातून काढून, वाळवून काळी केली तरी ठिपके जात नाहीत.

काल मालकीणबाईंनी मला कोरं बूच दिलं. म्हणाल्या, "तू लावलेला वेल तुझा. खूण तुझी तू ठरव." आनंदाने मी दोन घास जास्त जेवले. मग भांडी घासताना आठवलं, तो वेल आत्ता कुठे गुडघ्याएवढा झालाय. शेंगा धरायला अजून तीन वर्षं. मी तर वर्षाच्या बोलीवर आलेय ना? हे बक्षीस म्हणायचं की दावं?

शेंगा वाळवणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या हसल्या. "मलाही दिलं होतं. मीही वर्षासाठीच आले होते." त्यांच्या मुलाला मिसरूड फुटलंय, ते त्यांनी फोटोतच पाहिलं.

बूच उशाशी ठेवलंय, सुया अजून खोचल्या नाहीत. चिमणीला विचारा, खूण कसली करू? फूल की मासा?

नको, विचारू नका. ती आधी विचारेल, शेंगा कधी येणार.

तुमची,
चिमणीची आई