बांगडा न शिजणारं घर

११ ऑगस्ट

हालवरला बर्गनच्या इस्पितळातून घरी आणलं. डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण स्पष्ट बोलणारी. गोळ्या आहेतच, पण हृदयाला तेलकट मासळी हवी — बांगडा, हेरिंग, सॅल्मन, आठवड्यातून दोनदा तरी. पुढचा झटका एवढा सौम्य नसेल, म्हणाली. जन्मभर मासेमारी केलेला माझा नवरा खिडकीबाहेर बघत बसला.

तिला काय सांगणार! आमच्या लेकाची, सिवर्टची होडी रिकामी परत आली, तेव्हापासून या घरात समुद्रातलं काही शिजत नाही. हालवरची आई म्हणायची, बांगडे बुडालेल्या माणसांना खातात. आम्ही हसायचो. सिवर्ट तर आजीला चिडवायला बांगडा शेपटीसकट खायचा. तो सापडलाच नाही.

१४ ऑगस्ट

सॅल्मन आणला. हा पाळलेला, पिंजऱ्यातला, दाणे खाऊन वाढलेला, असं सांगून पाहिलं.

"पिंजरा पाण्यातच ना?"

बटाटे खाऊन उठला. मांजराची चैन.

१५ ऑगस्ट

हालवरच्या कॉड माशाच्या तेलाच्या गोळ्या जिरेनियमच्या कुंडीत सापडल्या. आता त्या झाडाचं हृदय ठणठणीत राहील! हसले. मग भांडी घासता घासता रडले.

१९ ऑगस्ट

डुकराच्या खिम्यात बांगडा कुस्करून घातला, वर भरपूर मिरी नि जायफळ. खाल्लं! आणखी मागितलं! देवा, पावलास.

२० ऑगस्ट

नाही पावला. कचऱ्याच्या डब्यात बांगड्याची डोकी दिसली त्याला. होडीघरामागे जाऊन ओकला. पांढराफटक होऊन आत आला. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "गुनवोर, असं नको करूस गं."

एकाला समुद्राने नेलं, दुसऱ्याला मी डोळ्यांदेखत जाऊ देऊ? काय करू? कुणाला विचारू?

२४ ऑगस्ट

जिना चढताना छाती धरून बसला. मग माझा तोल सुटला. मरायचंच असेल तर तसं सांग, म्हटलं, म्हणजे मी तरी वाट बघायची सोडते. त्याने उलट विचारलं,

"तू खातेस?"

खाते की, म्हटलं.

"खा. माझ्यासमोर."

शेजारच्या तूरिलकडून बांगडा आणून तळला. घास तोंडापर्यंत नेला — पुढे जाईना. सिवर्ट गेल्यापासून मीही पाव नि तपकिरी चीजवरच आहे. रोज स्वतःला सांगायची, भूक नाही. हालवरने माझ्या हातातला काटा काढून घेतला, ताट उचललं.

२९ ऑगस्ट

हालवरने होडी काढली. सिवर्टनंतर पहिल्यांदाच. दोन बांगडे घेऊन आला, स्वतः साफ केले, लोण्यात तळले.

"आईचं खरं असेल," म्हणाला, "तर आपलं पोर कुठे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. मग त्याला बाहेर कशाला ठेवायचं? घरी आणू."

खाल्लं दोघांनी. शेपटीसकट.