जुहैमीची वटवाघळं

७ जानेवारी
कुंपण! नवऱ्याच्या, कामारुलच्या, कबरीची माती अजून ओली, तोच धाकट्या दिराने, जुहैमीने, टेकडीवरची ड्युरियन फळांची बाग तारेने तोडून घेतली. "वहिनी, खालची झाडं तुमची. वरची माझी." वरची झाडं कामारुलने माझ्यादेखत लावलेली! वटवाघळांची गुहाही आता त्याच्याच हद्दीत. त्यांच्या विष्ठेचं खत विकून चैन करणार. थांब म्हणावं.

११ जानेवारी
जुहैमी सासरवाडीला गेलाय. तारेखालून शिरले. गुहेच्या तोंडाशी ओल्या फांद्या पेटवल्या, वर मूठभर मिरच्या. भरदिवसा वटवाघळांनी आभाळ काळं झालं! उडाली ती परत आली नाहीत. बाकीची आतच मरून पडली. नाहीतरी ती मोहोर नासवतात, सगळं गाव म्हणतं.
आज पोटभर जेवले.

१८ मार्च
जुहैमीच्या झाडांखाली नुसता फुलांचा सडा. फळ एकही धरलं नाही. जाऊ नोरैनी कपाळाला हात लावून बसलेली. मी तांदूळ निवडता निवडता गाणं म्हटलं. मुद्दाम, मोठ्याने.

२१ मार्च
माझीही फुलं गळली.

२३ मार्च
माझ्या लेकीचा, सुरायाचा फोन. ती इपोह शहरात शेतकी शिकते. गुहेचं सांगितलं, अगदी फुशारकीने. ती म्हणाली, "आई, ड्युरियनचे पराग वटवाघळंच झाडोझाडी नेतात गं."
"नेईनात का! ती त्याची होती."
"त्याची कशी? परिसंस्था म्हणतात याला. गुहा, झाडं, वटवाघळं, आपण, सगळ्यांचा एकच संसार. एकाची चूल विझवली की सगळे उपाशी."
संसार म्हणे! त्या मेल्याशी? फोन ठेवला.

४ एप्रिल
उशिराच्या कळ्या उमलल्या. तिन्हीसांजेला बघते तर जुहैमी माझ्या झाडावर! खांद्याला पिशवी. चोर! एवढीशी झाडं राहिली, तीही बघवत नाहीत?
ओरडले नाही. शिडी ओढून आडवी केली. घरात येऊन कडी लावली.
"वहिनी! अहो वहिनी, शिडी लावा ना!"
बस वर!

५ एप्रिल
उतरता उतरता पडला. कंबर मोडली.
दवाखान्यात नोरैनी माझ्याच गळ्यात पडून रडली. "पिशवीत नुसता कुंचला होता हो, जाऊबाई. हाताने पराग लावायला शिकून आले होते. मी म्हटलं, आधी आपली झाडं करा. तर म्हणाले, वहिनींना चढता येत नाही. आधी त्यांची."