औक्षणाचं तबक

दिवाळी पाडवा, संध्याकाळ. पडेगाव

बलात्काराचा आरोप असलेला आमचा माजी आमदार जामिनावर सुटला आणि आज कॉलनीनं त्याचा सत्कार केला. औक्षणासाठी जाऊबाईंनी मला न विचारता माझं पितळी तबक नेलं. परत आल्यावर म्हणतात, "लोकांनी माफ केलं त्याला. तूच काय धरून बसलीस?"

कुठल्या लोकांनी? ती पोरगी तिकडं पाचोडला घरात बसून आहे. तिला कुणी विचारलं? आणि त्यानं माफी तरी कधी मागितली?

तबक दोनदा चिंचेनं घासलं. किळस जात नाय. कडेला अजून त्याचं कुंकू दिसतंय, की मलाच दिसतंय?

उद्या भाऊबीज. दादाला स्टीलच्या ताटलीत ओवाळीन. तबक कुठंय विचारलं, तर जाऊबाईंसमोरच सांगीन.