जास्तीचे नव्वद ग्रॅम

शाळेच्या माजी हेडबाई आणि आमच्या विहीणबाई यांना, चौथी पास (तीही बाईंनी पुढे ढकललेली) विहिणीचा नमस्कार.

पत्र वाचायला घेण्याआधी लाल शाईचं पेन हाताच्या अंतरावरून उचला आणि दुसऱ्या खोलीत ठेवून या. मागच्या पत्रातल्या बत्तीस चुकांना गोल करून तुम्ही ते मला परत पाठवलंत, ते मी कपाटात जपून ठेवलंय. पण या खेपेला चुका मोजायला तुम्हाला सवड मिळणार नाही अशी बातमी आहे, आणि ती मी लगेच सांगणार नाही. आधी तब्येती. तुमचा गुडघा कसा आहे? डावा ना? आणि ते स्मरणशक्तीचं औषध सुरू केलं होतंत, त्याचा काही गुण आला का? इकडे मी ठणठणीत. साखर थोडी वर जाते म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोड पार बंद केलंय, आणि मी ते इतकं कडक पाळते की चहासुद्धा औषधासारखा डोळे मिटून पिते. दात नवे बसवलेत. ते बसवणाऱ्या दातांच्या डॉक्टरचाच या पत्रात पुढे मोठा संबंध आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. माणूस चाळिशीचा, उंच, हातपाय काटकुळे, आणि सुट्टीच्या दिवशी दगडांवरून उड्या मारतो. आम्ही त्याला टोळ म्हणतो. (त्याला माहीत आहे. आवडतं.)

तर तुमची-आमची नात. तिने मागच्या खोलीत सायकलच्या फ्रेमा बनवायचा घाट घातला, तेव्हा तुम्ही इथेच होतात आणि जेवणाच्या टेबलावर जे बोललात ते मला पाठ आहे. मुलीच्या जातीने आगीशी खेळायचं हे तुम्ही म्हणाला नाहीत, तेवढ्या तुम्ही शिकलेल्या. तुम्ही म्हणालात, छंद म्हणून ठीक आहे, पण पोट कशावर? मग तुमच्या भावाच्या ऑफिसातली ती खुर्ची निघाली, आणि ठरलं असं की पहिली फ्रेम स्पर्धेत टिकली तर ठीक, मोडली किंवा हरली तर एक तारखेपासून पोरगी तुमच्या गावी, त्या खुर्चीवर. नात हो म्हणाली. माझा लेक (तुमचे जावई) तर तुमच्या आधी हो म्हणाला, कारण त्याला मागच्या खोलीत पुन्हा त्याचं जुनं कपाट ठेवायचं होतं. मी काहीच बोलले नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. मी बोलले नाही की समजावं, मी विचार करतेय.

आता तुम्हाला त्या सायकलीतलं काही कळत नाही, तसं मलाही कळत नव्हतं, पण मी रोज त्या खोलीत स्टुलावर बसून आता इतकी तयार झालेय की तुम्हाला वर्ग घेऊन शिकवीन. या सायकलीला सीटच नसते. विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम. तिच्यावर बसून कुठे जायचंच नसतं. उभं राहून ओंडक्यावरून दगडावर, दगडावरून पिंपावर अशा उड्या मारायच्या. पाय जमिनीला टेकला की एक दंड, आणि ज्याचे दंड कमी तो जिंकला. सगळे लोक अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमा घेतात, कारण त्या हलक्या. आपली नात पोलादाच्या नळ्या घेते. नळी दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ (आपल्या दोघींच्या बरोब्बर उलट), म्हणजे जोड भक्कम आणि वजन कमी. नळ्या मापात कापायच्या, कानशीने तोंडं अशी घासायची की एकमेकींना ओठाला ओठ लागावेत, आणि मग गॅसच्या बारीक ज्योतीने पितळ वितळवून सांधायच्या. तिचं म्हणणं, अ‍ॅल्युमिनियम हलकं खरं, पण ते काही न सांगता एक दिवस तडकतं. पोलाद आधी कुरकुरतं, मग वाकतं, आणि मोडायच्या आधी माणसाला सांगून मोडतं. मला हे फार पटलं. मी अशा सासूच्या हाताखाली नांदलेय जी अ‍ॅल्युमिनियमची होती.

टोळाने पहिली फ्रेम सांगितली ती एका अटीवर. सव्वादोन किलो, वर एक ग्रॅम नको. दिवसभर ती हातांनी उचलून उचलून उड्या मारायच्या, तर त्याचं खरंच आहे. नातीने प्रत्येक नळी, प्रत्येक जोड कागदावर मांडून वजन बसवलं. या कामात माझाही वाटा होता हं. नळ्या कोपऱ्यात छत्र्यांच्या जुन्या डब्यात उभ्या असायच्या. त्यांना गंज लागू नये म्हणून तेलाचा बोळा आतून ओढायचा आणि तोंडाला चिंधी लावायची, हे खातं माझ्याकडे. कापायच्या आधी ती विचारायची, आजी, आतून पुसलीस ना? मी म्हणायची, पुसली गं बाई, पुसली. ती पुन्हा कधी डोकावून बघायची नाही. इतका विश्वास आजकाल कोण कोणावर ठेवतं!

पॅडलापाशी खालची मोठी नळी जोडायचा दिवस आला. नळीला एक बारकं भोक ठेवतात, आत हवा तापून फुगते तिला बाहेर पडायला. नातीने ज्योत लावली, पितळ सोन्यासारखं पळायला लागलं, आणि त्या भोकातून निघाला धूर. आणि वास! साखर करपल्याचा घमघमाट. ती म्हणाली, आजी, गॅसवर काही विसरलीस का? मी म्हणाले, अगं बाई, हो की, आणि स्वयंपाकघरात धावत जाऊन रिकामं पातेलं दोनदा आपटलं. (माझं गुडघ्याचं दुखणं त्या दिवसापासून गेलं ते गेलंच.)

फ्रेम झाली. काय देखणी! पण काट्यावर ठेवली तर दोन किलो तीनशे चाळीस. नव्वद ग्रॅम जास्त. कागद तपासला, बेरीज बरोबर. पुन्हा तपासला, बरोबर. पोरीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. दिवसभर कानस चालवून चिमूटभर पूड निघाली, काटा जागचा हलला नाही. मी म्हणाले, काटाच खोटा आहे. असं मी इतक्या ठामपणे म्हणाले की मलाच ते खरं वाटायला लागलं, आणि मग मी ती फ्रेम पर्ससारखी खांद्याला अडकवली आणि निघाले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने ती तराजूत घालून अडीच किलो सांगितलं; त्याच्याकडे सगळंच अडीच किलो भरतं. पुढे बाळांच्या दवाखान्यात नर्स माझ्या ओळखीची. तिने बाळांच्या काट्यावर टॉवेल घालून फ्रेम निजवली, दोन किलो तीनशे चाळीस म्हणाली, आणि सवयीने बाजूच्या कार्डावर लिहूनही टाकलं. पाळी ज्या बाळाची होती त्याची आई घाबरीघुबरी, की कालपर्यंत चार किलोचं होतं! ते निस्तरून पोस्टात गेले. तिथल्या कारकुनाने तोच आकडा सांगितला आणि विचारलं, आजी, कुठे पाठवायची? मी म्हणाले, कुठेच नाही, फक्त वजन करायचंय. मागची सगळी रांग हसली. मी ताठ मानेने बाहेर पडले, पण दारातून फ्रेम आडवी निघेना, म्हणून पुन्हा आत वळून ती उभी धरून निघाले.

घरी येते तर नातीने टोळाला बोलावून खरं सांगून टाकलेलं. नव्वद ग्रॅम जास्त आहे, कुठून आलं कळत नाही, घ्यायची नसली तर नका घेऊ. हे सांगताना तिचे डोळे जराही खाली गेले नाहीत. विहीणबाई, हे मात्र तुमच्याकडून आलंय, मी मान्य करते. टोळाने फ्रेम दोन बोटांवर तोलून पाहिली, हं म्हणाला, आणि म्हणाला की स्पर्धा तोंडावर आलीय, दुसरी आहे कुठे? आणा चाकं.

स्पर्धा बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीच्या आवारात होती. ओंडके, सिमेंटचे मोठे पाइप, लोखंडी पिंपं, आणि शेवटी माल चढवायचा दगडी ओटा, माणसाच्या छातीइतका. मी घडीची खुर्ची घेऊन अगदी दोरीला लागून बसले. तुमचे जावई माझ्यामागे, हातात टेप. (कपाटाचं माप घेऊन तसेच आले होते.) नात बसलीच नाही. तिचा ओठ दाताखाली आणि एक तारीख डोक्यात. पहिल्या दोन टप्प्यांत टोळ मागेच होता, आणि तुमचे जावई दर दंडाला हळूच खोकत होते. तिसऱ्या टप्प्यात सगळ्यांत पुढचा जो खेळाडू, त्याची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम पिंपावर उतरताना मानेपाशी तडकली. आवाज कसा? वाळकी काडी मोडावी तसा. तो बिचारा सायकलचे दोन भाग दोन हातात घेऊन चालत गेला. आता टोळ आणि आणखी एक, दोघे बरोबरीत, आणि राहिला फक्त ओटा.

दुसरा ओट्यावर चढला, पण चढताना एकदा पाय टेकला. मग टोळ. मागच्या चाकावर उभा राहिला, दोनदा डुलला, उडाला, आणि चाक ओट्यावर न पडता फ्रेमचं पोटच दगडाच्या कडेवर आपटलं. ठण्ण! मी डोळे मिटले. मला दिसली ती ऑफिसातली खुर्ची, तिच्यावर आपली पोरगी, आणि तिच्या बोटांतून निघून गेलेला तो पितळेचा वास. डोळे उघडले तेव्हा टोळ दगडाच्या कडेवर तसाच तोललेला, पाय पॅडलवर, श्वास धरून. सायकल त्याच्याखाली अशी शांत उभी होती, जणू तिला खाटेसारखे चार पाय असावेत. एक, दोन, तीन मोजेपर्यंत तो तसा राहिला. मग हिसका देऊन वर. पाय टेकला नाही! एका दंडाने जिंकला, विहीणबाई, एका दंडाने! फ्रेमच्या पोटाला बोटाच्या पेराएवढा पोचा, तडा एक नाही. नात ओरडली, मी ओरडले, माझे नवे दात हातात आले, ते खुद्द बनवणाऱ्यानेच नंतर बसवून दिले. तुमचे जावई टेप फेकून नाचत होते आणि शेजारच्याला सांगत होते, आमच्या मागच्या खोलीत बनलीय.

सगळ्यांसमोर टोळ काय म्हणाला ते ऐका. अशी तोल धरणारी सायकल त्याने आजवर चालवलेली नाही. सगळं वजन कसं बरोबर पायाखाली बसतं. लगेच दोघांनी फ्रेमा सांगितल्या, आणि दोघांचंही म्हणणं एकच, ग्रॅमाला ग्रॅम अशीच हवी. तेव्हा तुमच्या भावाला कळवा की खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यावी. ती चांगली खुर्ची असेल, मला तिच्याविषयी काही म्हणायचं नाही.

तुमच्या गुडघ्याला आराम पडो.
तुमची, जिंकलेली विहीण

ता. क. ते स्मरणशक्तीचं औषध बंद केलंत तरी चालेल. तुमचा पेपरमिंटच्या गोळ्यांचा शंभर ग्रॅमचा डबा तुम्ही इथे असताना हरवला नव्हतात. तो मी घेतला. डॉक्टरीणबाईंच्या आणि नातीच्या नजरेपासून लपवायला मी गोळ्या एका नळीत ओतल्या, त्या उन्हाने चिकटून मधेच अडकल्या, विणायच्या सुईनेही हलेनात. आणि ती नळी मी पुसली नव्हती. तीन खाल्ल्या होत्या, म्हणजे दहा ग्रॅम. बाकीचं गणित तुम्हाला येतं.

ता. क. २. नातीला परवा सांगितलं. त्याच कागदावरून केलेली दुसरी फ्रेम बरोबर सव्वादोन किलोची झाली, आणि टोळ ती चालवून बघून म्हणाला, ही तशी नाही. पोरगी तीन दिवस कागदावर रेघा मारत बसली, मग माझ्याने राहवेना. तिने पहिली फ्रेम मागवून घेतली, त्या भोकाला नाक लावलं, आणि जमिनीवर बसून पोट धरून हसली. आता नव्वद ग्रॅमचा पितळेचा तुकडा ती तिथेच बसवते. दातांच्या डॉक्टरला मात्र सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय. तो एवढ्या साखरेवर उभा राहून जिंकला, हे त्याला सोसणार नाही.

ता. क. ३. पण आता ती प्रत्येक नळी उजेडाकडे धरून आरपार बघते, आणि त्या गोळ्या तुमच्या गावाशिवाय कुठे मिळत नाहीत. तेव्हा एक डबा पाठवा. वरून कागद गुंडाळा आणि त्यावर तुमच्या सुंदर अक्षरात लिहा, ‘शुद्धलेखनाचे नियम’. या घरात ते कोणी उघडून बघणार नाही.